कापलेले चाळीस फूट

काका, तुमचे पाच डबे माझ्या जेवणाच्या टेबलावर आहेत. चार मोठे, पत्र्याचे, गंज धरलेले, आणि एक छोटा, बिस्किटांचा, ज्याला तुम्ही चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून ठेवली होती. टेबलावर ताट ठेवायला जागा नाही म्हणून दोन दिवस मी ओट्यापाशी उभ्यानंच जेवतेय. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, काय गं, घोडा आहेस का उभ्यानं खायला.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. तुमच्या रघूनं पेपरात छापून आणलेलं मी कापून ठेवलंय. जन्म, रेडिओ दुरुस्तीचं दुकान, समाजाच्या मंडळाचं काम, शोकाकुल परिवार. सगळं त्यात आहे आणि सगळं खरं आहे. पण ते वाचून आपल्या लष्कर मोहल्ल्यातल्या एकालाही कळायचं नाही की हाच तो माणूस, ज्यानं आम्हाला पांढऱ्या चादरीवर बदकं बोलून दाखवली.

सोमवारी बेंगळूरहून एक मुलगी येणार आहे. जुन्या फिल्म जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. तिला तुमची ती बदकांची परदेशी कार्टून फिल्म हवी आहे, अशा प्रती आता फार उरल्या नाहीत म्हणते. फोनवर तिनं दोन गोष्टी विचारल्या. छोट्या डब्यातला कापलेला तुकडा परत जागेवर जोडायचा की वेगळा ठेवायचा? आणि वेगळा ठेवायचा तर डब्यावर काय लिहायचं? पहिल्याचं उत्तर मी देऊन टाकलं. दुसऱ्यासाठी एक कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेय. तुमचा लेक रघू म्हणत होता, तुम्ही कापलंत एवढंच लिही. मी म्हणते, सगळं लिहिणार. पण त्याआधी तुमच्याशी भांडण पुरं करायचंय. अर्धवट भांडण टाकून निघून जाणं ही काही रीत नव्हे.

तो प्रोजेक्टर उटीच्या कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला. तुम्ही तो बसच्या टपावर बांधून आणलात, सोबत चार रिळं. काकी म्हणाली होती, घरात धड पंखा नाही आणि हे काय आणलंत. आठ दिवसांत तुम्ही तो चालू केलात आणि गणपतीत, दसऱ्याच्या सुट्टीत हिंगलाज देवीच्या देवळाच्या हॉलमध्ये दुपारचे खेळ सुरू झाले. खिडक्यांना लावायचं काळं कापड घरचंच होतं. रंगारी ना आपण. आजोबांची भट्टी तेव्हा बंद पडत आलेली, तरी ते कापड त्यांनी स्वतः रंगवून दिलं. लाल कुणीही रंगवेल, म्हणायचे, काळा धरायला हात लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात राखाडी. आपल्या घरात काळ्याला एवढा मान होता. कापडावरच्या काळ्याला.

फिल्म इंग्रजी, आणि मोहल्ल्यात इंग्रजी येत होतं कुणाला? म्हणून तुम्ही प्रोजेक्टरशेजारी माईक घेऊन बसायचात, फिल्मचा आवाज बारीक करायचात आणि सगळ्यांचं सगळं स्वतःच बोलायचात. अर्धं कन्नड, अर्धं आपलं घरचं मराठी. मोठं बदक तुमच्या आवाजात थेट आमची आजी व्हायचं आणि पिल्लं म्हणजे आम्ही पोरं. आजी ज्या सुरात आम्हाला आंघोळीला हाकायची त्याच सुरात बदक पिल्लांना पाण्यात ढकलायचं. काकी म्हणायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तीही दाराशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. मोठी माणसं दुकानाची फळी ओढून यायची, ती तुम्हाला ऐकायला. मला कितीतरी दिवस वाटायचं की काकांनी तोंड मिटलं तर बदकं पण थांबतील.

तिसऱ्या रिळात बदकांचं जहाज फुटतं आणि ती एका बेटावर जाऊन पडतात. बेटावर माणसं येतात. काळीकुट्ट, अर्ध्या चेहऱ्याएवढे ओठ, बटाट्याएवढे डोळे, केसांत हाडं खोचलेली. मोठ्या हंड्याभोवती ढोल बडवत नाचतात. त्यांना बोलता येत नाही, नुसतं हू हू करतात. बदकांना बोलता येतं, अक्कल असते, ह्या माणसांना नाही. कुणा साहेबानं दूर कुठंतरी स्टुडिओत बसून आफ्रिकेतल्या माणसांचं असं चित्र काढलं, का, तर लहान मुलांनी पोट धरून हसावं. आणि आम्ही हसलो की. त्यांच्या म्होरक्याला तुम्ही नावही ठेवलंत. माईकवर आवाज चढवून म्हणालात, बंदा नोडी, डांबरण्णा. आला बघा डांबरण्णा. हॉलमध्ये पोरं बाकांवरून खाली पडली हसून. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. नऊ वर्षांची होते.

खेळ संपला, खिडक्यांवरचं कापड निघालं, उजेड आला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी माझ्याकडे बघून म्हटलं, डांबरक्का. एवढंच. आपल्या घरात मी एकटीच अशी काळी, आईच्या आईवर गेले म्हणतात. दुसऱ्या दिवशी नळावर तेच, शाळेत तेच. वसुधा हे नाव हजेरीपुरतं उरलं. आईनं डाळीचं पीठ आणि साय लावायला सुरुवात केली, म्हणजे तिलाही नाव पटलं होतं. मी रडले वगैरे नाही. दोन-तीन महिन्यांनी तर मी त्या नावाला ओ द्यायला लागले. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही खेळच बंद केले असतात, आणि मला बदकं हवी होती.

मग जंगलाच्या बाजूच्या एच. डी. कोट्याचा खेळ. मी बारा वर्षांची झाले होते. तुमच्या ओळखीचे एक मास्तर तिकडच्या वसतिशाळेत होते, त्यांनी बोलावलं होतं. सुट्टी म्हणून तुम्ही मला नेलंत, काकीला नेलंत, रघू काकीच्या कडेवर. मुलं सगळी आसपासच्या हाड्यांमधली, म्हणजे जंगलाच्या कडेच्या वस्त्यांमधली. त्यांच्यातल्या कितीकांच्या आईबापांना जंगलातून उठवून बाहेर आणून बसवलेलं. पत्र्याच्या वर्गाला आपलं काळं कापड लागलं. पहिली दोन रिळं मुलं इतकी हसली की मास्तरांनाही आवरेना. मग बेट आलं. तुम्ही नेहमीसारखे आवाज चढवून म्हणालात, बंदा नोडी, डांबरण्णा.

कुणी हसलं नाही. ढोल वाजत होता. पुढे बसलेली एक मुलगी, माझ्याहून लहान, मागे वळली आणि तुम्हाला विचारलं, "सार, इवरु नम्मोरा?" सर, हे आपलेच लोक का? तिला राग आलेला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तुम्ही माईक खाली ठेवलात. प्रोजेक्टर बंद केला नाहीत, उजवा तळहात भिंगासमोर धरलात. चादर काळी झाली. पण ढोल आणि हू हू चालूच राहिलं, आणि आम्ही सगळे अंधारात ते ऐकत बसलो. मी तुमच्या शेजारी होते, तुमच्या बोटांच्या कडांमधून लाल उजेड दिसत होता. बेट संपल्यावर हात काढलात. चौथं रीळ माईकशिवाय गेलं. त्या मुलीला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

दोन दिवसांनी दुकानातल्या टेबलावर तुम्ही तिसरं रीळ उलगडलंत, ब्लेडनं दोन ठिकाणी कापलंत, टोकं खरवडलीत आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडलीत. चाळीस फूट निघाले. पडद्यावर जेमतेम एक मिनिट. तो तुकडा गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात गेला. आता जहाज फुटायचं आणि बदकं एकदम घरी पोचलेली असायची. मुलांनी काही तक्रार केली नाही, मुलं अशा उड्या सहज मारतात. मोहल्ल्याची तक्रार वेगळीच होती. तुमचा घसा गेला होता. डॉक्टरनं ओरडायला मनाई केलीय, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. त्यानंतर माईक तुम्ही हातात धरला नाहीत. मी रोज संध्याकाळी तुम्हाला आलं-मिरीचा कषाय करून आणायची, तुम्ही तोंड वेडंवाकडं करून तो निमूट प्यायचात. बदकं इंग्रजी बोलायला लागली आणि मोठी माणसं हळूहळू यायची बंद झाली.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागले, कुवेंपुनगरात घर केलं, आणि तुमच्याशी भांडायला मला कायमचा विषय मिळाला. दर रविवारी दुकानात येऊन मी म्हणायची, कापणं म्हणजे लपवणं. साहेबानं काय काढून ठेवलंय ते मुलांना दाखवायला हवं, शेजारी उभं राहून सांगायला हवं की बघा, माणसांना असं लहान करत होते. तुम्ही सोल्डरिंगवरून मान वर न काढता म्हणायचात, "हसू एका सेकंदात येतं, वसु. तुझं सांगणं घंटा होईपर्यंत चालतं. तोवर हसणारा हसून मोकळा झालेला असतो आणि ज्याला लागायचं त्याला लागलेलं असतं." मी विचारायची, म्हणजे कुणी वाईट केलंच नाही असं दाखवायचं? तुम्ही म्हणायचात, सुम्ने वाद नको, चहा घे. सुम्ने, म्हणजे उगाच. तुमचे सगळे वाद त्या एका कन्नड शब्दावर संपायचे आणि मी चरफडत चहा प्यायची.

आता एक सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका मे महिन्यात तुम्ही दोघं तिरुपतीला गेला होतात आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे होती. मी छोटा डबा उघडला, तुकड्याच्या मधूनच तीन फ्रेम कापल्या आणि फोटो स्टुडिओत देऊन त्यांचे मोठे फोटो करून घेतले. शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गात फळ्याला लावले. चांगला पाऊण तास बोलले. गुलामगिरी, साहेबांचं राज्य, चित्र काढून माणसाची किंमत कशी उतरवतात, सगळं. मुलं गंभीर चेहऱ्यानं बसली होती, मला वाटलं, जमलं. काकांना आता दाखवते.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना ऐकू आलं. दोन मुलं वर्गातल्या रेणुकासमोर ओठ पुढे काढून हू हू करत होती. मी त्यांचे कान उपटले, त्यानं काय होणार? रेणुका माझ्याकडे बघत होती. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाण्याची बाटली उचलून नळाकडे गेली, रोजचंच असल्यासारखी. ते फोटो मी त्याच दिवशी फाडले. आणि पुढच्या रविवारी तुमच्याकडे येऊन तोच वाद तितक्याच जोरात घातला. हात दाखवून अवलक्षण करून बसले होते, पण कबूल करायला तोंड उघडलं नाही. तीन फ्रेम कमी आहेत हे तुमच्या लक्षात आलं असणारच. डब्याला चिकटपट्टी तुम्ही त्याच्यानंतर मारलीत. बोलला मात्र नाहीत. बोलणं टाळायचं हे आपल्या दोघांचं एकच वळण.

शेवटचा वाद मी उकरून काढला. रघूची अन्वी सुट्टीला आली होती, माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन टॅबवर तीच बदकं बघत होती. रंग नवे, लखलखीत. मी शेजारी बसले. जहाज फुटलं, आणि बदकं एकदम घरी. बेट नाही, ढोल नाही. ज्या कंपनीनं ते काढलं होतं तिनंच आता गुपचूप कापून टाकलं होतं, आणि ते नेमकं तुमच्यासारखंच. सुरुवातीला एक ओळ नाही, शेवटी एक ओळ नाही. मी तशीच रिक्षा करून तुमच्याकडे आले.

तुम्ही किती खूश झालात. म्हणालात, इतक्या वर्षांनी का होईना, साहेबाला कळलं. काकीला चहा ठेवायला सांगितलंत. माझं डोकंच फिरलं. कळलं असतं तर सांगितलं असतं, मी म्हटलं. एक ओळ लिहायची, आम्ही असं काढलं होतं, चुकलं, आता काढून टाकतोय. हे काय, भिंतीवर चुना मारून मोकळे? तुम्ही हसून विचारलंत, मग काय ढोल वाजवून कापायचं?

"हो," मी म्हटलं. "ज्यानं केलं त्यानं सांगायचं. तुम्ही पण कापलंत आणि गप्प बसलात. डांबरण्णा साहेबाच्या फिल्ममध्ये नव्हता, काका. तो तुम्ही आणलात. आणि ते नाव मला पडलं."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ते तुमच्यासमोर बोलले. तुम्ही बशीत सांडलेला चहा परत कपात ओतलात. मग म्हणालात, "ठाऊक होतं."

एवढंच. पुढे काही येईल म्हणून मी वाट बघितली. तेवढ्यात मेडिकलवाला तुमच्या गोळ्या घेऊन दारात आला, काकीनं तुमचा चष्मा शोधायला सुरुवात केली, बोलणं तुटलं. मी पर्स उचलली. आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. लहानपणी चुकून जाते म्हटलं तर तुम्हीच परत बोलावून बसवायचात आणि नीट म्हणायला लावायचात. त्या दिवशी मी काहीच म्हटलं नाही. चप्पल घातली आणि निघाले. मागून तुमच्या काठीचा आवाज गेटपर्यंत आला. मी वळले नाही. बारा दिवसांनी पहाटे रघूचा फोन आला.

मला तुमचा राग आहे, काका. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी काय करू, आहे. माझ्या बी.एड.च्या फॉर्मसाठी तुम्ही उन्हात रांगेत उभे राहिलात. मला मामा नाही म्हणून लग्नात माझ्या मागे तुम्ही उभे राहिलात. ह्या घराचं सगळं वायरिंग साठी उलटल्यावर शिडीवर चढून स्वतः केलंत, आजवर एक बटण सैल झालेलं नाही. इतकी वर्षं ते सगळं मी प्रेम म्हणून घेतलं. आता दिवा लावायला बटण दाबलं की मनात येतं, ही माया होती की फेड? दोन्ही असेल. तुमच्याइतकं मला कुणी जपलं नाही, हे मी कुणालाही सांगेन. तरी मला एक शब्द हवा होता.

तेरावा झाल्यावर मी, काकी आणि रघू तुमचं दुकान आवरत होतो. डबे काढताना मी रघूला सगळं सांगितलं, नाव, शाळा, शेवटचं भांडण, आणि डब्यावर काय लिहिणार तेही. त्याचा चेहरा उतरला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वसुताई. अप्पांनी कापलं हे लिही ना. तेवढंही खरंच आहे. बाकीचं कशाला कायमचं लिहून ठेवायचं?" त्याचं काही चूक नाही. बाप गेलेला मुलगा आणखी काय म्हणणार? मलाही वाटलं, सोड, वसुधा. सुम्ने कशाला.

काकी तुमचा माईक पदरानं पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या घशाला काही झालं नव्हतं."

मग तिनं सांगितलं. कोट्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं दारात उभे होतात. मी नळावरून घागर घेऊन येत होते. गल्लीच्या टोकाकडून एका पोरानं हाक मारली, डांबरक्का. मी थांबले, वळले आणि म्हटलं, ओ. मला ती सकाळ आठवतही नाही, अशा कितीतरी सकाळी होत्या. काकी म्हणाली, "हाक ऐकून त्यांना काही झालं नाही गं, पोरं आहेत म्हणाले. तू ओ दिलीस, तेव्हा आत जाऊन बसले." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी कापायला बसलात. काकीला म्हणालात, ह्या जिभेला आता रजा. तिनं कितीदा म्हटलं, वसुला सांगा, नाहीतर मी सांगते. तुम्ही दर वेळी म्हणायचात, नको, मी सांगेन.

मी सांगेन. आणि तो कषाय, काका. घसा धडधाकट असताना महिनोन्महिने माझ्या हातचा तो जळजळीत कषाय प्यायलात तुम्ही. मी पेला हातात देऊन समोर उभी राहायची, पुरता संपेपर्यंत. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. दुकानात त्या स्टुलावर बसून रडले, रघू आणि काकी दोघं बघत असताना.

रडून झाल्यावर मात्र डोकं एकदम साफ झालं. शिक्षा तुम्ही स्वतःच ठरवलीत, स्वतःच भोगलीत, आणि जिचं वाईट झालं तिला पत्ता लागू दिला नाहीत. मोहल्ल्यातल्या सगळ्यांचं ऐकायचं सुख गेलं, तुमचं बोलायचं सुख गेलं, आणि मला वाटत राहिलं की माझं दुःख कुणाला दिसलंच नाही. साहेबाच्या कंपनीनं तरी दुसरं काय केलं? चूक काढून टाकली आणि तोंड मिटलं. तुमचं मन त्यांच्यापेक्षा फार मोठं होतं, पण गप्प बसणं तेच. माझंही तेच, रेणुकाच्या बाबतीत. आता कुणीतरी पहिलं बोलायचं आहे, आणि तुम्ही तर गेलात. राहिले मी.

म्हणून ऐका. अर्धा वाद तुम्ही जिंकलात. तुकडा जोडायचा नाही, असं त्या मुलीला मी सांगितलंय. लहान मुलांसमोर बदकं जहाजातून थेट घरीच जातील, तुम्ही पाठवलीत तशी. हसू एका सेकंदात येतं हे मला रेणुकानं शिकवलं, मी ते मान्य करते, उशिरा का होईना. उरलेला अर्धा माझा. तुकडा जाळायचा नाही आणि बेवारशी ठेवायचा नाही. जो कुणी डबा उघडेल त्याला कळलं पाहिजे की हे कुणी काढलं, आपल्याकडे कुणी वाढवलं, कुणाला लागलं आणि कुणी कापलं.

काकीनं रघूला सांगितलं, लिहू दे तिला, ह्यांना जमलं नाही. रघू उठला. त्यानं तुमच्या खणातून न पुसणाऱ्या शाईचं पेन शोधून काढलं, दुकानाच्या जुन्या डायरीवर चालतंय का बघितलं आणि माझ्या हातात दिलं. दसऱ्याच्या सुट्टीत देवळाच्या हॉलमध्ये अन्वी आणि तिच्या वयाच्या पोरांसाठी खेळ लावायचा असंही तोच म्हणाला. रिळांची प्रत ती बेंगळूरची मुलगी तोवर पाठवणार आहे, आणि माईक मी धरणार आहे. आजीचा आवाज मला तुमच्याइतका येत नाही, पण येतो.

आत्ता लिहून झालं. वाचून दाखवते, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

हा चाळीस फुटांचा तुकडा माझ्या काकांनी स्वतःच्या हातानं कापला. मधल्या तीन फ्रेम कमी आहेत, त्या मी कापून वर्गात दाखवल्या आणि एका मुलीला त्याचा त्रास झाला. ती चूक माझी. चित्रात आहेत असे लोक कुठेच नव्हते. ज्यांच्यावर हसण्यासाठी हे काढलं ते लोक होते आणि आहेत. एच. डी. कोट्यात एका लहान मुलीनं काकांना विचारलं होतं, हे आपलेच लोक का. तिला उत्तर मिळालं नाही. उत्तर हो असं आहे. ह्यातल्या म्होरक्याला डांबरण्णा हे नाव माझ्या काकांनी दिलं. ते नाव मला पडलं आणि मी त्याला ओ दिली. काकांना ते ठाऊक होतं आणि त्यानंतर त्यांनी माईक हातात धरला नाही. ते मला सांगणार होते. लहान मुलांना हे दाखवू नये. मोठ्यांनी बघावं. वसुधा, त्यांची पुतणी.

कागद चिकटवला, वरून पट्टी मारली, तुमच्यासारखीच चारी बाजूंनी. सोमवारी डबे गेले की टेबल मोकळं होईल आणि मी बसून जेवेन. त्या दिवशी गेटपाशी एक म्हणायचं राहिलं होतं, ते नीट म्हणते आता. येते, काका.